घरखर्चातले कोणते पैसे आयकरातून वजा होतात?

किराणा, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांचे क्लास, जिमची फी, लग्नकार्य यांतला एक रुपयाही पगारदाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. जे वजा होतात ते खर्च मोजके आहेत, आणि तेही कर मोजण्याच्या दोन पद्धतींपैकी (नवी आणि जुनी करप्रणाली) जुनी निवडली तरच. म्हणून पावत्या काढण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. (खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा; त्यात ८०-सीचं (पीएफ, आयुर्विमा, शाळेची फी यांची वजावट देणारं कलम) कलम १२३ झालं आहे. २०२५-२६ च्या रिटर्नला मात्र जुनेच क्रमांक.)

पायरी १: आधी प्रणाली ठरवा

नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पावतीशिवाय मिळणारी ठरावीक वजावट) मिळते आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करमाफी. म्हणजे फक्त पगार असेल आणि तो १२.७५ लाखांच्या आत असेल, तर कर शून्य. अशांनी पावत्यांच्या मागे लागू नये.

समजा पगार १५ लाख आहे. नव्या प्रणालीत सेससह (करावर लागणारा उपकर) कर ९७,५०० रुपये होतो. आता जुनी पाहू. प्रमाणित वजावट ५०,०००, महाराष्ट्रातला व्यवसाय कर २,५००, ८०-सीचे दीड लाख, गृहकर्जाचं व्याज २ लाख, स्वतःचा आणि ज्येष्ठ आईवडिलांचा आरोग्य विमा मिळून ७५,०००. एवढं सगळं वजा करूनही कर १,२४,०२० रुपये. या पगारावर जुनी प्रणाली परवडायची, तर प्रमाणित वजावट सोडून निदान ५,४३,७५० रुपयांच्या वजावटी हव्यात. भरपूर घरभाडं आणि गृहकर्ज एकत्र असेल तरच बहुतेकांचा आकडा तिथवर जातो. तुमच्या पगाराचा हिशोब आयकर पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन्ही बाजूंनी करून पाहा. जुनी प्रणाली फायद्याची निघाली तरच पुढचं वाचा.

पायरी २: घरभाडं

पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) असेल तर तीन आकडे काढा: मिळालेला एचआरए, भरलेलं भाडं वजा बेसिक-डीएचे (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) १० टक्के, आणि बेसिक-डीएचे ५० टक्के (मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई) किंवा ४० टक्के (बाकी सगळीकडे, पुणेसुद्धा). यातला सर्वांत लहान आकडा करमुक्त. पुण्यात बेसिक ४०,०००, एचआरए १६,००० आणि भाडं १५,००० असेल तर महिन्याला ११,००० सुटतात, वर्षाचे १,३२,०००. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन लागतो. तो करार करतानाच मागून घ्या. एचआरए मिळतच नसेल तर भाड्यासाठी कलम ८०-जीजी आहे, महिन्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि त्याआधी फॉर्म १०-बीए भरावा लागतो.

पायरी ३: शाळेची फी

आधी पगाराच्या स्लिपा पाहा. पीएफ, आयुर्विम्याचा हप्ता आणि गृहकर्जाचं मुद्दल यांनीच ८०-सीची दीड लाखाची मर्यादा भरली असेल, तर फीच्या पावतीचा उपयोग नाही. जागा उरली असेल तर पावती ओळीओळीने वाचा. शिक्षण शुल्क धरायचं. विकास निधी, देणगी, बस, गणवेश, डबा सोडून द्यायचं. शाळेने एकच रक्कम लिहिली असेल तर शिक्षण शुल्क वेगळं दाखवणारा दाखला मागा. भारतातलं पूर्णवेळ शिक्षण हवं, आणि आई व वडील प्रत्येकी दोन मुलांपर्यंत फी दाखवू शकतात.

उच्च शिक्षणाचं कर्ज असेल तर त्याचं व्याज ८०-ई खाली आठ वर्षांपर्यंत, कमाल मर्यादेविना वजा होतं. मामाकडून घेतलेलं कर्ज त्यात बसत नाही, बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचंच हवं.

पायरी ४: आईवडिलांची औषधं

ही वजावट लोक सर्वांत जास्त हातची घालवतात, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. आरोग्य विम्याचा हप्ता कलम ८०-डीमध्ये बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण साठी ओलांडलेल्या ज्या आईवडिलांचा आरोग्य विमाच नाही, त्यांच्या डॉक्टर, तपासण्या आणि औषधांचा खर्चही ५०,००० रुपयांपर्यंत वजा होतो. ते तुमच्यावर अवलंबून असायला हवेत अशीही अट नाही. लग्न झालेली मुलगी स्वतःच्या आईवडिलांसाठी ही वजावट घेऊ शकते. सासू-सासऱ्यांसाठी मात्र ती मिळत नाही. अट एकच कडक आहे: पैसे रोख द्यायचे नाहीत. मेडिकलवाल्याला बिलावर आईचं किंवा वडिलांचं नाव लिहायला सांगा आणि यूपीआयने पैसे द्या. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, ५,००० रुपयांपर्यंत, तेही एकूण मर्यादेतच.

घरात अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल तर ८०-डीडी पाहाच. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपये ठरावीक वजा होतात. सांभाळावर खर्च त्याहून कमी झाला तरी पूर्ण रक्कम मिळते. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं अशा आजारांसाठी ८०-डीडीबी वेगळं आहे: ४०,००० पर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखापर्यंत. विम्याने दिलेली रक्कम त्यातून कापायची आणि तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी जपायची.

पायरी ५: देणग्या

गणपतीची वर्गणी सहसा धरता येत नाही, कारण संस्थेला ८०-जीची (देणगीवर वजावट देणारं कलम) मान्यता लागते. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम पूर्ण वजा होते. २,००० रुपयांवरची रोख देणगी बाद. नोंदणीकृत संस्थेकडून फॉर्म १०-बीई (देणगीचा दाखला) मागून घ्या.

कुणी एजंट न दिलेली देणगी दाखवून रिफंड काढून देतो म्हणाला तर सरळ नकार द्या. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या दाव्यांवर देशभर कारवाई केली. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो, आणि तो भरतो करदाता.

पायरी ६: रिटर्न

ऑफिसात पुरावे द्यायचे राहिले म्हणून हक्क बुडत नाही. या वजावटी रिटर्नमध्येही घेता येतात. रिटर्नचा फॉर्म आता पॉलिसी क्रमांक, कर्जखात्याचा क्रमांक असे तपशील विचारतो, ते हाताशी ठेवा. पगारदारांनी ३१ जुलैची तारीख चुकवू नये: उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडताच येत नाही, मग वर जमवलेल्या या सगळ्या पावत्या त्या वर्षापुरत्या वाया जातात. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा.