देशी मासे आणि ओढ्यांसाठी निधी: पहिला प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी

कराड, पाटण, शिराळा भागातली प्राणीशास्त्र शिकलेली मुलं भेटली की हमखास विचारतात, "माशांवर काम करायला पैसे कोण देतं?" देणारे आहेत. पण आधी प्रस्तावात काय मागायचं ते ठरवा.

बहुतेक जण लिहितात, "नदीत मत्स्यबीज सोडणार." मत्स्यबीज म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा कटला, रोहू, मृगळ. हे मासे गंगेच्या खोऱ्यातले, कृष्णेचे नव्हेत. चिलापी तर आफ्रिकेतून १९५२ साली भारतात आणलेली. मत्स्यव्यवसाय म्हणून हे ठीक आहे, पण देशी माशांचं पुनरुज्जीवन म्हणून ते मांडलंत तर जाणकार परीक्षक तिथंच थांबेल. डेक्कन महसीर, शिवडा, वाम, दगडांखाली राहणारे बोटभर लांबीचे मासे, यांतले कोणते तुमच्या ओढ्यात आहेत आणि ते का कमी झाले, हे एका ठिकाणापुरतं सांगता आलं पाहिजे.

कारण शोधायला जूनमध्ये कोल्हापुरी बंधाऱ्यावर जा. पहिल्या मोठ्या पावसात मासे चढणीला लागतात, अंडी घालायला वर सरकतात. बंधाऱ्यात पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या, म्हणजे बरगे, वेळेत काढले नसतील तर वाट बंदच. बरगे काढलेले असले तरी खालची माती वाहून गेल्यामुळे काँक्रीटचा उंबरा हातभर वर राहिलेला असतो. मासे उडी मारतात, उंबऱ्यावर आपटतात, परत पडतात, आणि पाग (फेकायचं जाळं) घेऊन माणसं तिथंच उभी असतात. उंबऱ्याची उंची टेपने मोजा, फोटो काढा, कोणते मासे अडकले त्याची नोंद करा. उंबऱ्याखाली मोठे दगड रचून चढण सोपी करता येते आणि त्याला फार खर्च येत नाही. पाटबंधारे खात्याची परवानगी मात्र लागते, ती आधी मागा. नांगरलेल्या रानासारखा सपाट झालेला, जेसीबीने खोलीकरण केलेला ओढा असेल तर दगड, डोह आणि काठची झाडी परत आणणं हेच काम. माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

आता पैसे. नवख्या संशोधकाला ब्रिटनमधल्या रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान जवळचं वाटेल. अबू धाबीचा मोहम्मद बिन झायेद निधी एखाद्या प्रजातीसाठी २५,००० डॉलरपर्यंत देतो. परदेशी निधीसाठी संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते, ती मिळवायला साधारण ३ वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसरीला देता येत नाही. मोठ्या संस्थेच्या आधाराने काम करायचं असेल तर तिच्याच प्रकल्पात मानधनावर राहण्याचं आधी बोलून घ्या. देशातला मार्ग म्हणजे सीएसआर, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि पर्यावरण त्यात बसतं. फक्त कंपन्यांना सहसा एका वर्षात दिसेल असं काम हवं असतं.

इथंच खरी अडचण आहे. चढण वर्षातून एकदाच येते. ऑगस्टमध्ये पैसे हातात आले तर वर्ष गेलं. म्हणून अर्ज अशा बेताने करा की एप्रिल-मेपर्यंत रक्कम खात्यात असेल. काम करण्यापूर्वीच्या एका पावसाळ्याच्या नोंदी जवळ असाव्यात, आणि ज्यात काहीही करणार नाही असा शेजारचा ओढाही मोजत राहावा. त्याशिवाय मासे तुमच्या कामामुळे वाढले की चांगल्या पावसामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

अंदाजपत्रकात भोई मंडळींचं मानधन धरा. कोणता मासा कुठल्या डोहात राहायचा आणि कधीपासून दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. अहवालात त्यांची नावं त्यांना विचारून छापा. अभयारण्याच्या हद्दीत काम असेल तर वनविभागाच्या परवानगीसाठी लागणारा वेळही धरा.

आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा ठराव प्रस्तावाला जोडा. जैवविविधता कायदा २००२ नुसार ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. नुसत्या कागदावर असेल तर सरपंचांना भेटून बैठक बोलवायला सांगा, आणि बरगे कोणत्या तारखेआत निघायला हवेत, ते त्या ठरावातच लिहून घ्या.