वाकून बघा: भातातली कीड मोजताना

मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला, मी कृषी सहायक म्हणून रुजू झाले. पहिल्या पावसाळ्यात बांधावरूनच बघायचे. भात हिरवागार दिसला की वहीत 'कीड नाही'. एका म्हाताऱ्या बाबांनी ते पाहिलं नि म्हणाले, "बाय, वाकून बघ." त्यांनी चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका, फाकवला, बुंध्यावर थाप मारली. पाण्यावर तीळ सांडावेत तसे तपकिरी तुडतुडे. लाजच वाटली.

तर आधी खाचरात उतरा. गमबूट रुततात, पण पायाला जखम असेल तर घालाच, लेप्टोचे (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचे) दिवस असतात. कडेच्या दोन ओळी सोडून तिरपं चालत 20 चूड निवडा. सगळे फुटवे मोजा, गाभा सुकलेले वेगळे मोजा. सुकलेला गाभा ओढल्यावर अलगद हातात आला आणि खालचं टोक कुरतडलेलं असलं, तर तो खोडकिडा. फुटवा बुडातून कापून आडवा पडला असेल तर खेकड्याचं काम, त्याला खोडकिड्याचं औषध कशाला मारायचं?

समजा 240 फुटव्यांत 9 सुकलेले. म्हणजे पावणेचार टक्के. पाचाच्या आत फवारणी सांगू नका. "मॅडम, शेजाऱ्याने मारलं की!" हे ऐकावं लागणारच. वाद घालू नका, त्या शेतकऱ्यालाच मोजायला लावा. स्वतः काढलेला आकडा माणूस सहसा नाकारत नाही.

तुडतुड्यांचा हिशेब चुडामागे. पाच ते दहा दिसले तर पाणी काढून टाका, युरियाचा हप्ता थांबवा. फवारायची वेळ आलीच तर नोझल बुंध्याकडे. वरून मारलेलं औषध पात्यावरच राहतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड तर नकोच: तुडतुडे खाणारे कोळी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात. म्हणून कोळीही मोजून वहीत लिहा.

खोडकिडीची पतंगी पात्याच्या शेंड्याजवळ अंडी घालते, वर पिवळसर केसांचं पांघरूण. आवण (लावणीसाठी वाढवलेली रोपं) खणल्यावर लावणीआधी रोपांचे शेंडे छाटले की ते पुंजके तिथेच जातात. हे जूनमध्ये सांगायचं. मी एकदा ऑगस्टमध्ये सांगितलं, बायका हसल्या.

बायकांवरून आठवलं. बैठकीला पुरुष येतात, पण सुकलेला गाभा आधी दिसतो तो बेणणीला, म्हणजे तण काढायला, वाकलेल्या बाईला. मी आता बेणणीच्याच वेळी जाते. दोन ओळी त्यांच्याबरोबर बेणते, तेवढ्यात कुठल्या खाचरात काय चाललंय ते कळतं.

कामगंध सापळ्यावर ल्युअर, म्हणजे नर पतंगांना ओढणारी मादीच्या वासाची गोळी, लावल्याची तारीख खरडून ठेवा. एका शेतात तीन आठवडे सापळा रिकामा होता, आम्ही खूश. ल्युअर गेल्या वर्षीचा निघाला.

आणि वहीत शिसपेन्सिलीने लिहा. माझ्या जेलपेनच्या एका अख्ख्या महिन्याच्या नोंदी पावसात निळं पाणी होऊन गेल्या.