गोष्ट अर्धवट सोडायची कशी

मुलगी झाली तेव्हा माझी एक कथा सतराव्या पानावर होती. मुलगी चार वर्षांची झाली, मधे धाकटाही आला, कथा सतराव्याच पानावर. 'वेळच मिळत नाही' असं मी भेटेल त्याला सांगायचो. ते पूर्ण खरं नव्हतं. वेळ मिळायचा, पण वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. त्या वीस मिनिटांत मी मागची पानं वाचायचो, एखादा शब्द खोडून परत तोच लिहायचो आणि आपण कुठे होतो हे आठवेपर्यंत आतून 'बाबाऽऽ' ऐकू यायचं.

गोष्टीत परत शिरण्यातच सगळा वेळ खर्ची पडत होता. हे कळल्यावर मी जे काही बदललं, ते इथे सांगतोय.

सगळ्यात आधी, उठताना परिच्छेद पुरा करायची हौस सोडा. पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावं, असं अमेरिकन लेखक हेमिंग्वे सांगायचा. (त्याच्या मांडीवर त्या वेळी कुणी पेंगत नसावं.) आपल्याला तर कुठेही थांबवलं जातं, वाक्याच्या मधेसुद्धा. म्हणून मी वीस मिनिटांतली शेवटची दोन राखून ठेवतो. घड्याळ लावतो, ते वाजलं की कथा लिहिणं बंद आणि उद्याच्या स्वतःला चिठ्ठी. मागच्या महिन्यातली एक जशीच्या तशी देतो:

'म्हातारी स्टॉपवर. पिशवीचा बंद तुटलाय. बस येते, ती चढत नाही. कारण नंबर वाचता येत नाही आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही. पुढचं वाक्य तिच्या शेजारच्या माणसाचं.'

त्यानंतर धाकट्याला ताप आला आणि चार दिवस वही उघडली नाही. पाचव्या दिवशी चिठ्ठी वाचली आणि सरळ शेजारच्या माणसाला बोलतं केलं. मागचं एकही पान चाळलं नाही. चिठ्ठीत 'इथे वातावरण गडद करणे' असलं काही लिहू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लागत नाही. कोण, कुठे, हातात काय आणि पुढचं वाक्य कुणाचं, एवढं पुरतं.

पहाटे उठा, असं सगळेच सांगतात. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द काढायचा. त्याला उठवायला नोकर होता, हे मात्र सांगणारे सांगत नाहीत. मी सहा दिवस करून पाहिलं. बाप उठला की लहान पोरांना झोपेतही ते कसं कळतं देव जाणे. सहापैकी चार दिवस धाकटा माझ्या आधी खुर्चीपाशी. तुमची मुलं गाढ झोपत असतील तर जरूर उठा. नसतील तर अपराधी वाटून घेऊ नका, दुसरा तुकडा शोधा. पोहण्याच्या क्लासबाहेरचं बाकडं ही माझी सध्याची सर्वांत चांगली जागा आहे.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. मी रात्री लिहायचो तेव्हा उठणाऱ्या मुलाला बायकोच थोपटायची. एका रात्री ती शांतपणे म्हणाली, "तुझी कथा माझ्या झोपेवर चाललीये." उत्तर नव्हतं. आता शनिवारी सकाळचे दोन तास माझे, रविवारी सकाळचे दोन तिचे. ती त्या वेळात काय करते हे मी विचारत नाही. ज्याची पाळी त्याने घराबाहेर पडायचं, कारण बंद दारामागे बाबा आहे हे कळलं की दार वाजतंच. कुणी आजारी पडलं तर तो आठवडा बुडाला. थकबाकी मोजत बसलात तर लिहिण्याऐवजी हिशेबावरून भांडाल. हे दोन सलग तास नवं लिहिण्यात घालवू नका. नवं लिहिणं तुकड्यांत जमतं. काटछाट, क्रम बदलणं, अख्खी कथा एका दमात वाचणं, याला सलग डोकं लागतं, ते शनिवारी.

हात गुंतलेले असतात तेव्हा डोकं मोकळं असतं, ही जुनीच गोष्ट. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांच्या ओव्या जुळायच्या. मुलाने आणि जवळच्यांनी त्या उतरवून घेतल्या, संग्रह आला तो त्यांच्यामागे, 1952 साली. आपली काही ती प्रतिभा नाही, पण रीत घेता येते. भांडी घासायला जाताना अख्खी कथा डोक्यात नेऊ नका, एकच प्रश्न न्या: म्हातारी आता कुणाला विचारेल? उत्तर सुचलं की ते तोंडाने दोनदा म्हणायचं. जे दोनदा म्हणूनही लक्षात राहत नाही, ते वाक्य बहुधा वाईटच असतं. मी सुरुवातीला फोनवर रेकॉर्ड करायचो. अकरा मिनिटं नळाचं पाणी आणि लांबून माझा आवाज, '...आणि मग तो...' तो पुढे काय करतो, ते आजतागायत समजलेलं नाही. आता आधी नळ बंद करतो.

मुलांना शेजारी बसवून लिहिता येतं का? येतं, आठ-दहा मिनिटं. मोठीला तिची वही द्या, तीही लिहिते. अकराव्या मिनिटाला तुमच्या वहीत मांजर येतं. माझ्या तेविसाव्या पानावर एक आहे, मी त्याच्या कडेकडेने लिहिलंय. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधून ठेवा, हे मात्र गंभीरपणे सांगतोय.

आणि आकार लहान घ्या. कॅनडाची लेखिका ॲलिस मन्रो मुलींच्या झोपेच्या वेळात लिहायची आणि कथाच लिहीत राहिली. 2013 चं नोबेल तिला कथांसाठीच मिळालं. कादंबरी लिहायची असेल तर एकेक प्रसंग सुटा लिहा, क्रम नंतर लावता येतो. मला वीस मिनिटांत साधारण 150 शब्द होतात. आठवड्यातून चार वेळा बसलो तर 600, म्हणजे तीन हजार शब्दांची कथा पाच आठवड्यांत. ताप, पाहुणे, शाळेचे प्रकल्प धरून मला नऊ लागले. सतराव्या पानावरच्या त्या जुन्या कथेचं काय, असं विचाराल तर ती मी सोडून दिली. चार वर्षांत ती लिहिणारा माणूस राहिला नव्हता.

म्हातारीची गोष्ट अजून चालू आहे. मुलगी आता सात वर्षांची आहे, मी बाकड्यावर काय लिहितो ते तिला माहीत असतं. काल पोहून आली, केसांतून पाणी गळत होतं, आणि म्हणाली, "त्या आजी चढल्या का बसमध्ये?"

"अजून नाही."

"मग मला पाठव ना तिकडे. मी वाचते नंबर."

आजची चिठ्ठी: 'स्टॉपवर एक मुलगी. केस ओले. पुढचं वाक्य तिचं.'