उन्हाळ्यात होडीच्या फटी भरू नका

नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी मागं सरलं की काठावर ओढून ठेवलेल्या लाकडी होडीच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. जुनी शिडाची होडी दुरुस्तीला घेतलेला माणूस हे बघून घाबरतो आणि इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा दोन भागांचा गोंद) कालवून सगळ्या फटी गच्च भरून टाकतो. इथंच होडीचं वाटोळं होतं. लाकूड रुंदीत आक्रसतं, पाणी लागलं की पुन्हा फुगतं. मध्ये दगडासारखी लांबी (फटी भरायचा लगदा) बसली असेल तर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही, मग स्क्रू उपटतात, कधी आतली फासळीच तडकते.

त्यापेक्षा होडी सावलीत घ्या. आत ओली बारदानं अंथरून आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. आपल्याकडच्या वैशाखात एक वेळ चुकली तरी बारदान कोरडं ठक्क. बहुतेक फटी आपोआप मिटतात. उरतील त्यांत सुती वात ठोकून वरून मऊ राहणारी लांबी लावा.

कड्या, कप्प्या, सुकाणूच्या बिजागऱ्या फळ्या फुगल्यावरच बसवा. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं (डाग द्यायच्या विजेच्या हत्याराचं) टोक मिनिटभर टेकवा, निवू द्या, मग फिरवा. सैल झालेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. सागाची खुंटी डिंकानं नव्हे, पाण्यात टिकणाऱ्या गोंदानं ठोकून नवं भोक पाडा. लोखंडी स्क्रू स्वस्त पडतात, पण ते विसराच. ३१६ दर्जाचं, म्हणजे गंजाला जास्त दाद न देणारं, स्टेनलेस स्टील घ्या.