आंबा, आगळ ऑनलाइन विकताय? या चुका टाळा

मार्च लागला की आमच्या देवगडाकडे घरटी एक नवीन इन्स्टा पेज निघतं आणि पाऊस पडला की ते गप्प होतं ते थेट पुढच्या सीझनपर्यंत. पहिली चूक हीच. डिसेंबरात मोहोर आला की तो दाखवा ना, थंडी कशी आहे, फवारणी झाली का, कणी (बारीक फळ) धरली का, सगळं दाखवा. ज्याने कलमावर कैरी मोठी होताना बघितलीय तो माणूस एप्रिलमध्ये भावावरून फार घासाघीस करत नाही, हा माझा अनुभव. आणि पावसात आगळ (कोकमाचा मिठातला घट्ट रस), आमसुलं, फणसपोळी असतेच की घरात. (खाऊचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी करून तो १४ आकडी नंबर लेबलवर टाका, लोक आता विचारतात.)

दुसरी चूक मी स्वतः दोन वर्षं केली. पोस्टखाली "रेटसाठी मेसेज करा" एवढंच लिहायचे. रात्री साडेदहाला मेसेज आला, "ताई ५ डझनची पेटी कितीला, पुण्यात घरपोच मिळेल का", मी बघितला सकाळी, कलमांत गेले, उत्तर दिलं दुपारी, तोवर त्यांनी दुसरीकडे पैसे भरलेले. फार वाईट वाटलं तेव्हा. आता भाव, डझन किती, फळ केवढ्या ग्रॅमचं, कच्चं की तयार, कुरियर धरून की वेगळं, सगळं पोस्टमध्येच असतं. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग भरा, नेहमीच्या प्रश्नांना क्विक रिप्लाय करून ठेवा आणि "पैसे आले", "पेटी गेली" अशी लेबलं लावा. माझं मत विचाराल तर लाइक कमी आले तरी चालतील पण आलेला मेसेज तासाभरात वाचला गेला पाहिजे.

बरेचजण सगळ्या गिऱ्हाइकांचा एक ग्रुप करतात, तो करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि त्यातलाच एखादा दुसरा विक्रेता तुमच्या माणसांना परस्पर मेसेज टाकायला लागतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, त्यात एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून मी पेटीत गवतावर एक चिठ्ठी ठेवते, नंबर सेव्ह करा म्हणून.

फोटो गुगलवरनं उचलू नका, फिल्टर मारून आंबा केशरी तर मुळीच करू नका. सकाळच्या उजेडात अंगणात, हातात धरून काढा म्हणजे आकार कळतो. आणि बाहेरचा माल आणून त्याला देवगड हापूस म्हणणं ही तर सरळ फसवणूक आहे, २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्या नावावर इथल्या कितीतरी घरांचं वर्ष चालतं.

साक्याची तक्रार येणारच. वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट स्पंजासारखं, बाहेरून कळायला मार्ग नाही. अशी कमेंट आली की लोक ती घाईघाईने डिलीट करतात. असं करू नका. कापलेल्या फळाचा फोटो मागवा, तेवढी फळं भरून द्या आणि त्याच कमेंटखाली तसं लिहा. माझ्याकडे एका बाईंनी तेच उत्तर वाचून तीन पेट्या सांगितल्या होत्या.

आता फसवणुकीचं, हे नीट वाचा. तारकर्लीला आमच्या नात्यात होमस्टे आहे, तिथे एकाने फोन केला, मी सैन्यात आहे, पाच खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पिन टाकला आणि खात्यातनं पैसे गेले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार आहेत. असं झालंच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि आज रात्रीच व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन (अकाउंट कुणी पळवू नये म्हणून जादा कुलूप) चालू करा, तिथला सहा आकडी पिन घरच्या वहीत लिहून ठेवा.