दोन रोस्टची तुलना करताय? आधी तराजू काढा

घरी कॉफी भाजायला लागून तुमचे थोडेफार रोस्ट झाले असतील, फर्स्ट क्रॅकचा, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडतडतात तेव्हाचा, आवाज ओळखू येत असेल, दाण्यांची फोलपटं घरभर उडवून बोलणीही खाऊन झाली असतील, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. यंत्र कुठलं घ्यावं या वादात मी पडत नाही. कढई, पॉपकॉर्न मशीन, छोटा ड्रम, सगळ्यावर शिकता येतं. पॉपकॉर्न मशीन असेल तर एवढंच बघा की गरम हवा बाजूच्या फटींतून आत येते. तळाला जाळी असली तर फोलपटं खाली पडून पेट घेऊ शकतात. आणि भाजणं चालू असताना तिथून हलायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे.

आता मुद्द्यावर येते. ‘मधला टप्पा (दाणे पिवळे झाल्यापासून फर्स्ट क्रॅकपर्यंतचा) लांबवला की गोडवा आणि बॉडी (तोंडात जाणवणारा दाटपणा) वाढते, पटकन भाजलं की आंबटपणा उठून दिसतो’ हे तुम्ही वाचलेलं असतं. मग एक रोस्ट जलद आणि एक सावकाश करता. दुसऱ्या दिवशी चव घेता. पहिला लिंबासारखा, दुसरा चॉकलेटी. वा, सिद्ध झालं! वहीत नोंद.

काहीही सिद्ध झालेलं नसतं. सावकाश केलेला रोस्ट थोडा जास्त भाजला गेला होता, एवढंच. तुम्हाला वाटलं दोन प्रोफाइलची, म्हणजे वेळेनुसार तापमान चढवण्याच्या दोन वाटांची, तुलना केली, प्रत्यक्षात तुलना झाली कमी आणि जास्त भाजलेल्या कॉफीची. तो फरक कुणालाही कळतो, त्यासाठी आलेख काढायची गरज नाही. माझ्या जुन्या वहीतली पानंच्या पानं अशा निष्कर्षांनी भरलेली आहेत आणि ती उघडताना अजून कसंतरी होतं.

हे जरा लांबवून सांगते, कारण ऐकताना सगळे मान डोलावतात आणि करताना विसरतात. चवीवर सर्वांत मोठा परिणाम होतो तो दाणा शेवटी किती भाजला गेला याचा. तिथपर्यंत तो कुठल्या वाटेने पोहोचला, याचा परिणाम त्यापेक्षा लहान असतो. लहान गोष्ट ऐकायची तर मोठीचा आवाज बंद करावा लागतो. म्हणजे दोन्ही रोस्ट शेवटी सारखेच भाजलेले हवेत. ‘मी दोन्ही एकाच तापमानाला काढले’ हे उत्तर पुरत नाही. जलद रोस्टमध्ये दाण्याचं बाहेरचं अंग आतल्यापेक्षा बरंच पुढे गेलेलं असतं आणि प्रोबही, म्हणजे दाण्यांत बुडवलेला तापमापकही, धापा टाकत मागून येतो, त्यामुळे पडद्यावर आकडा तोच दिसला तरी दाणा तोच नसतो.

म्हणून वजन. कच्च्या दाण्यांत साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. भाजताना ते जवळजवळ सगळं जातं आणि त्यापुढे दाण्यातलं बाकी द्रव्यही वायू होऊन जाऊ लागतं. ढोबळमानाने हलक्या रोस्टमध्ये ११ ते १३ टक्के घट होते, मध्यममध्ये १४ ते १६, गडदमध्ये १८ च्या पुढे. २०० ग्रॅम घातले आणि १७२ मिळाले तर घट १४ टक्के. १६८ मिळाले तर १६ टक्के. हे दोन रोस्ट शेजारी ठेवून प्रोफाइलबद्दल एक अक्षरही बोलू नका. मी अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. २०० ग्रॅमवर तो होतो फक्त एक ग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा तराजू लागतो. दोन्ही रोस्टची फोलपटं सारखीच पाखडून मग वजन करा.

वजन जुळलं की दोन्ही थोडे थोडे दळा आणि पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पसरून दिवसाच्या उजेडात रंग पाहा. अख्खा दाणा फसवतो, कारण वरून गडद आणि आतून फिका असू शकतो. पूड खरं सांगते. सावकाश रोस्ट गडद निघाला तर पुढच्या वेळी दोनेक अंश आधी काढा आणि पुन्हा जुळवा. कंटाळवाणं आहे. मला अजूनही कंटाळा येतो. पण हे टाळून पुढे जायची वाट नाही, आणि जो ‘डोळ्यांनी कळतं हो’ म्हणतो त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

याच सापळ्याचं एक पिल्लू आहे. पाठोपाठ दोन घाणे काढले तर दुसऱ्याच्या वेळी यंत्र तापलेलं असतं. सेटिंग तेच, पण उष्णता जास्त. एक घाणा नुसता यंत्र तापवायला काढा, किंवा प्रत्येक वेळी यंत्र त्याच आकड्यापर्यंत निवू द्या. आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून बघा.

दुसऱ्यांचे आकडे हा माझा आवडता राग. फर्स्ट क्रॅक साधारण १९६ ते २०५ अंश सेल्सिअसला होतो असं म्हणतात, सेकंड क्रॅक, म्हणजे दुसरी तडतड, २२४ ते २३० च्या आसपास. हे आकडे प्रोबचे आहेत. प्रोब जाड की बारीक, दाण्यांत किती बुडालेला, यावर ते हलतात. आलेखात सुरुवातीला तापमान खाली येऊन वळतं, तो ‘टर्निंग पॉइंट’ आठवा. दाणे आत पडल्या क्षणापासून तापतच असतात. खाली येतो तो तापलेल्या प्रोबचा आकडा. कुणाचं प्रोफाइल अंशासकट उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. गुरू करायचाच असेल तर आकडे देणारा नको, दोन कप समोर ठेवून ‘काय वाटतं?’ विचारणारा आणि मग गप्प बसणारा शोधा.

तसंच ‘डेव्हलपमेंट २० ते २५ टक्केच हवं’ हा मंत्र. फर्स्ट क्रॅकपासून दाणे काढेपर्यंतचा वेळ भागिले एकूण वेळ, एवढाच तो हिशेब. त्या वेळात तापमान चार अंश चढलं की पंधरा, हे त्यात दिसतच नाही.

सुरुवातीला एकच गोष्ट बदला. मी मधला टप्पा सुचवेन. छोट्या ड्रमवर, समजा, दोन्ही रोस्टमध्ये दाणे चौथ्या मिनिटाला पिवळे झाले. एकात फर्स्ट क्रॅक सातव्या मिनिटाला आणला, दुसऱ्यात साडेआठव्या. त्यानंतर दोन्हींना दीड-दीड मिनिट दिलं. मेलार्ड प्रक्रियेला (जिच्यातून भाजल्याचा तपकिरी रंग आणि वास येतो) वेग येतो तो साधारण १५० अंशांच्या पुढे, म्हणजे तुम्ही नेमका तोच पट्टा ताणलात. गंमत बघा, त्या मंत्राच्या हिशेबाने एकाचं डेव्हलपमेंट साडेसतरा टक्के आणि दुसऱ्याचं पंधरा, जरी क्रॅकनंतरचा वेळ तोच आहे. फक्त ताणताना तापमान चढायचं थांबू देऊ नका. थांबलं की कॉफी बेक होते: सपाट, पुठ्ठ्यासारखी, ना आंबट ना गोड. उलट कच्ची राहिलेली गवतासारखी लागते. हे दोन दोष एकदा मुद्दाम करून चाखा.

चव घेण्याचं नेहमीचं कपिंगच, म्हणजे पूड कपातच गरम पाण्यात भिजवून चमच्याने चाखणं: ८.२५ ग्रॅम पूड, १५० मिली पाणी, साधारण ९३ अंश, चार मिनिटांनी वरचा थर मोडायचा. दोन्ही रोस्ट एकाच दिवशीचे हवेत, भाजल्यावर ८ ते २४ तासांत. आजचा ताजा आणि गेल्या आठवड्यातला असं जोडपं लावू नका, कारण कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडलाय यावरही चव बदलते.

आणि फरक कळला नाही तर? बहुतेकांना सुरुवातीला कळत नाही. वाफाळता कप बरंच लपवतो. कोमट होऊ द्या, आंबटपणा आणि गोडवा तेव्हा वेगळे होतात. जीभ बधिर आहे अशी समजूत करून घेऊन यंत्र विकायला काढू नका.

फरक कळला असं वाटलं तर मात्र स्वतःवर विश्वास ठेवू नका. तीन कप घ्या, दोन एकाच रोस्टचे, एक दुसऱ्याचा, खूण तळाला. कुणाला तरी जागा बदलायला सांगा आणि वेगळा कप ओळखा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं. सलग तीनदा अंदाजाने बरोबर यायची शक्यता सत्तावीसात एक, तेव्हा निदान तेवढं तरी जमलं पाहिजे. चवीचं वर्णन खूण बघायच्या आधी लिहून ठेवा, नंतर नाही. नंतर लिहिलेल्यात गोडवा नेमका हव्या त्या कपात सापडतो.

आवडलेल्या रोस्टचे पन्नासेक ग्रॅम हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. पुढच्या तुलनेत तो तिसरा कप म्हणून लावता येतो. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं.