सेवा क्लब चालवायचाय ना, मग आधी मीटिंग नऊला संपवायला शिका

क्लब सुरू करणं एकदम सोपं आहे भो. बॅनर छापला, पंधरा जणांनी पांढरे शर्ट घातले, कुणा मोठ्या माणसाच्या हाताने नारळ फोडला, झाला क्लब सुरू. अवघड असतो तो आठवा आठवडा. उद्घाटनाला साठ जण, पहिल्या मीटिंगला बावीस, आठव्या मीटिंगला पाच आणि त्या पाचातले दोघं पण चहा झाला की चप्पल शोधायला लागतात. मी आमच्या तालुक्याच्या गावात तीन वर्षं सचिव होतो आणि एक वर्ष अध्यक्ष (खरं काम सचिवाचं असतं, अध्यक्षाला फोटोत मधे उभं राहायचं असतं), आता आजूबाजूची पोरं विचारत असतात की काका आम्हाला पण असं काही सुरू करायचंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपल्या खान्देशात माणसं जमवायची अडचण कधीच नव्हती. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते आपल्या फैजपूरला, आणि सारंगखेड्याच्या यात्रेला काय गर्दी लोटते ते मी सांगायला नको. पण यात्रा वर्षातून एकदा असते. दर बुधवारी तीच पंचवीस माणसं, ना देव ना पुढारी ना जेवण, नुसती एका हॉलमध्ये आणून बसवायची हे वेगळंच काम आहे.

आधी वार ठरवा, आणि एकदा ठरला की हलवू नका. गावचा आठवडे बाजार ज्या दिवशी असेल तो वार सोडा कारण दुकानदार त्या दिवशी दहापर्यंत गल्ल्यावर असतो. शनिवार-रविवार नको, लग्नं, साखरपुडे, गंधमुक्ती, सगळं तिथेच येतं. आमच्याकडे शिक्षक लोक अप-डाऊन करणारे, एकदोन रेल्वेतले भुसावळला शिफ्ट ड्युटीवाले, बाकी कृषी केंद्र, मेडिकल, कापड दुकान, म्हणून बुधवार रात्री आठ ठरलं आणि तेच टिकलं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारच्या मीटिंगचा विचारसुद्धा करू नका, गच्चीवर सतरंजी टाका, लाइट गेली तरी चालतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि पोळ्याला सुट्टी, कानबाई देवीच्या उत्सवाच्या रविवारी तर कुणाला फोनच करू नका.

जागा म्हणाल तर हॉटेलचा हॉल नको. खर्च वाढतो आणि हळूहळू क्लबचा जेवणाचा क्लब होतो. रोटरीचं नावच मुळात जागेवरून पडलंय, १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघा ओळखीच्यांना घेऊन सुरुवात केली आणि ते पाळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बसायचे म्हणून रोटरी. आम्ही पण पहिलं वर्ष असंच काढलं, कधी कृषी केंद्राच्या गोडाऊनमध्ये खताच्या गोण्यांवर, कधी क्लासच्या बाकांवर. फायदा हा की ज्याच्या जागेत मीटिंग तो त्या दिवशी हमखास हजर आणि चहा त्याचाच. आता रोटरीने सुद्धा २०१६ पासून नियम सैल केलाय, महिन्यात दोन मीटिंग झाल्या तरी भागतं, पण नव्या क्लबने ही सवलत घेऊ नये असं माझं मत आहे. पंधरा दिवसांनी भेटणारी माणसं मागच्या वेळचं विसरून येतात आणि अर्धा तास आठवण्यात जातो.

आता मुख्य मुद्दा. सगळे म्हणतात मीटिंग वेळेवर सुरू करा. करा, पण ते तुमच्या हातात पूर्ण नसतं, आठला फोन लावला की ‘आते येस भाऊ’ (आत्ता येतो भाऊ) आणि माणूस अजून अंघोळीत. संपवणं मात्र शंभर टक्के तुमच्या हातात आहे. नऊ म्हणजे नऊ. विषय राहिला तर पुढच्या बुधवारी. एका वर्षी आमची मीटिंग मांडवाचा कापड केशरी की पांढरा यावर सव्वाअकरापर्यंत चालली, मीच सचिव होतो, मला थांबवता आलं नाही, आणि पुढच्या बुधवारी नऊ जण आले. ज्यांच्या घरी बायकोने जेवायला थांबून राहून शेवटी ताट झाकून ठेवलं ते परत कशाला येतील. नऊला सुटतात म्हटलं की लोक सव्वाआठला का होईना पण येतात, आणि दोन महिन्यांत आठला यायला लागतात कारण उशीर केला तर काही उरतच नाही.

तासाची वाटणी आमची अशी असायची. जितके आले असतील तितक्यांत आठला सुरू, पाच मिनिटात सचिव मागच्या मीटिंगचं प्रोसिडिंग वाचणार, वाचणार म्हणजे फक्त कामं आणि नावं, ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ हे वाक्य आम्ही बंदच करून टाकलं. मग ज्याने काम घेतलं होतं त्याने उभं राहून सांगायचं, झालं की नाही झालं. नाही झालं तर का नाही हे विचारायचं नाही, फक्त कधी होईल ते विचारायचं, नाहीतर माणूस पुढच्या वेळी येतच नाही. मग वीस मिनिटं पाहुणा. मग नवीन कामं, प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. दोन नावं लिहिली की काम कुणाचंच नसतं हे मी चार वर्षं बघितलंय. ‘आयत्या वेळचे विषय’ शेवटची पाच मिनिटं, त्यात पैशाचा ठराव घ्यायचा नाही. चहा शेवटी. आधी दिला तर चहापुरते येणारे चहा पिऊन जातात, शेवटी दिला तर त्यांना निदान तासभर बसावं लागतं.

पाहुणा बोलवताना मोठं नाव शोधू नका. मोठं नाव एक तास उशिरा येतं आणि दीड तास बोलतं. गावातलाच माणूस बोलवा ज्याचं काम आपल्याला माहीत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न कुणाला विचारले गेले असतील तर एका महावितरणच्या वायरमनला. रावेर-यावलकडचा एखादा बागायतदार केळीवरच्या सीएमव्ही रोगाबद्दल सांगेल, बँकेतला कुणी फोनवरच्या फसवणुकीबद्दल. सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा-तळोदा-चोपडा पट्ट्यात क्लब असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर डॉक्टर नक्की बोलवा. आई-बाप दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक असते, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो म्हणून त्याला माहीतच नसतं, लग्नाआधी साधी रक्त तपासणी केली तर कळतं. हे वीस मिनिटांत सांगून होतं.

आता पाणपोईची गोष्ट सांगतो म्हणजे मीटिंग कशासाठी ते कळेल. पहिल्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही स्टँडजवळ पाणपोई लावली, सहा रांजण, वर गोणपाट, लाल कापड, चौदा जणांचा फोटो, सगळं झालं. पाचव्या दिवशी दुपारी दोनला एक म्हातारी रांजणात डोकावून बघत होती आणि रांजण कोरडा, वर आमच्या क्लबचं नाव मोठ्या अक्षरात. मला आजपण ते आठवलं की कसंतरी होतं. झालं काय होतं, रांजण कोण भरणार हे ठरलंच नव्हतं, सगळ्यांनी धरलं होतं की शेजारचा रसवंतीवाला भरेल, आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही उद्घाटन केलंच नाही. फाल्गुनातल्या दोन मीटिंगमध्ये वहीवर पत्रक काढलं, वार आणि नाव, सकाळी सातला भरणार कोण आणि दुपारी दोनला बघणार कोण, दर शनिवारी रांजण आतून घासणार कोण, जारच्या पाण्याचा खर्च किती, आणि एका बाईला महिन्याचे पैसे देऊन बसवली कारण दुपारी बारा ते चार आपण कुणी तिथे उभं राहणार नाही हे मान्य करून टाकलं. पाणी काढायचं ओगराळं साखळीने बांधा, सुटं ठेवलं तर तिसऱ्या दिवशी गायब. ती पाणपोई मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत एक दिवस कोरडी पडली नाही. फोटो नाही काढला त्यामुळे पेपरात पण आलं नाही, काही सभासद त्यावर नाराज होते हेही खरं.

रक्तदान शिबिराचं पण तसंच. सगळे क्लब २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिबिर घेतात, एका गावात एका दिवशी तीन-तीन, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, उन्हाचा कडाका, रक्तपेढीत पिशवी नाही. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर ५ दिवस, म्हणजे जानेवारीत दिलेलं मे मध्ये कुणाला चढत नाही. म्हणून आधी रक्तपेढीला फोन करा आणि तुम्हाला कधी पाहिजे ते विचारा, आपल्याला कधी सोयीचं ते नंतर. मे मध्ये घ्यायचं तर सकाळी सातला सुरू करून साडेदहाला आवरा, कूलर लावा, लिंबू सरबत भरपूर. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, आणि आधीच्या दानाला पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने झालेले पाहिजेत, एवढं आदल्या बुधवारी वाचून दाखवलं की शिबिरात येऊन परत जाणारे कमी होतात. भेटवस्तूचं आमिष नको. नाश्ता द्या, बास.

पैसा. यातच क्लब फुटतात. पंचवीस सभासद महिन्याला शंभर रुपये म्हणजे वर्षाचे तीस हजार, एवढ्यात पाणपोई, दोन शिबिरं आणि वह्यावाटप आरामात होतं, पण वर्गणी वेळेवर आली तर. मीटिंगमध्येच घ्या आणि तिथल्या तिथे पावती फाडा, ‘नंतर देतो’ पण चालेल पण ‘पावती नंतर देतो’ चालणार नाही. माझ्याच हातून एकदा ७४० रुपयाचा मेळ बसला नाही, खिशातून भरले, पण चार जणांच्या नजरेत ते दिसलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या मीटिंगला खजिनदार जमा-खर्च मोठ्याने वाचतो, चहापत्तीसकट. खजिनदार बाई करा असा माझा आग्रह आहे. आमच्याकडे आधी बायकांना फक्त हळदीकुंकवाला बोलवायचे, मग एका मॅडमना खजिनदार केलं आणि पहिल्यांदा थकबाकी शून्यावर आली, त्यांना टाळून कुणी जाऊ शकत नव्हतं.

दोन-तीन वर्षं टिकलात, बाहेरच्यांकडून देणग्या घ्यायच्या असतील, तर नोंदणी करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त कायद्याची नोंदणी, दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. घटना (म्हणजे नियमावली) कुठल्यातरी संस्थेची कॉपी मारू नका, कोरम (सभेला किमान हजेरी) किती, अध्यक्ष किती वर्षं, सभासद कधी रद्द हे स्वतः बसून ठरवा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, हे निम्म्या संस्था विसरतात आणि दहा वर्षांनी बँकेत सही कुणाची यावर अडकतात. देणगीवर आयकर सवलतीची मान्यता (८०जी म्हणतात ती) मिळाली तरी रोख २००० च्या वरच्या देणगीला देणगीदाराला सूट मिळत नाही, मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्या. ३१ मार्चला हिशोब बंद, फाइल सीएकडे.

बारीकसारीक गोष्टी पटापट सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर निर्णय घ्यायचा नाही, ग्रुप फक्त आठवण करून द्यायला, मंगळवारी संध्याकाळी एक मेसेज आणि बुधवारी दुपारी एक. गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्याला प्रेमाने सांगा. शाल-श्रीफळाचे सत्कार महिन्यात एकच, नाहीतर अर्धी वर्गणी शालींत जाते आणि त्याच शाली गावात फिरत राहतात. नगरपालिकेची निवडणूक लागली की कुठलाही सभासद उभा असो, क्लबच्या बॅनरवर त्याचा फोटो नाही, हे निवडणूक नसताना ठरवून प्रोसिडिंगला लिहून ठेवा, लागल्यावर ठरवायला गेलात तर भांडण. सलग चार मीटिंगला न आलेल्याच्या घरी दोघांनी जायचं, जाब विचारायला नाही, नुसतं ‘काय चाली ऱ्हायनं’ म्हणून. बऱ्याचदा घरी आजारपण निघतं किंवा कापसाचे पैसे अडकलेले असतात आणि माणूस वर्गणी राहिली म्हणून लाजेने येत नसतो. पोरं शिकली की पुण्या-नाशिकला नाहीतर सुरतला जातात, त्यांना काढू नका, दिवाळीच्या मीटिंगला बोलवा.

वर्षातून एकदा भरीत पार्टी मात्र पाहिजेच, थंडीत कुणाच्या तरी शेतावर, तुराट्यांवर भाजलेली वांगी आणि कळण्याची भाकरी. त्या दिवशी अजेंडा नाही. पण खर्च वर्गणीतून नाही, ज्याचा त्याने.

आणि चार्ज देताना. मोठ्या क्लबांचं वर्ष १ जुलैला बदलतं पण आपल्याकडे तेव्हा पेरण्या चाललेल्या असतात, निम्मे सभासद शेतात, म्हणून आम्ही १ एप्रिल धरला, हिशोब पण तिथेच बंद होतो. पदग्रहणाचा समारंभ करा न करा, एक पत्र्याची पेटी मात्र नव्या सचिवाच्या हातात द्या आणि आतल्या वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. प्रोसिडिंग बुक, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं नंबरासकट, चेकबुक, शिक्का, नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, रक्तदात्यांची वही, पाणपोईचं मागच्या वर्षीचं वारांचं पत्रक, ओगराळ्याची साखळी आणि कुलूप. कुलपाच्या दोन्ही चाव्या.